महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र: आमच्या बाजाराचा कायदा करण्याआधी आमच्या राज्याला विचारा

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ सन्माननीय सदस्य

विषय: शेतमालाच्या देशांतर्गत व्यापाराचा कायदा, केंद्र व राज्य यांच्यातील ओढाताण आणि तुमची जबाबदारी

सप्रेम नमस्कार.

७ डिसेंबर २०२३ च्या रात्री आमच्या ट्रॉलीत लाल कांदा भरून तयार होता. सकाळी लवकर लिलावाला नंबर लावायचा म्हणून भावाने वर ताडपत्री आवळून बांधली आणि आम्ही झोपलो. त्याच दिवशी दिल्लीत विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली होती: कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद. सकाळी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग उभी होती आणि बोली लावायला कुणी पुढे येत नव्हतं. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला माणसं रस्त्यावर बसली. आठवड्याभरात भाव निम्म्याच्या घरात आला. आणि लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत साठवून ठेवता येत नाही. काढला की विकायचा, नाहीतर उकिरड्यावर टाकायचा, एवढे दोनच रस्ते असतात.

मी चांदवड तालुक्यात भावाबरोबर कांदा पिकवते आणि आठवड्यातले चार-पाच दिवस कोर्टात वकिली करते. त्या दिवशी मी दोन कार्यालयांत गेले. राज्याच्या कार्यालयात सांगितलं, "हा दिल्लीचा विषय आहे, आमच्या हातात काही नाही." केंद्राची बाजू मांडणाऱ्या माणसाने सांगितलं, "लिलाव बंद पडला तर तो बाजार समितीचा प्रश्न, बाजार समिती राज्याची." दोघंही नियमाने बरोबरच बोलत होते, आणि म्हणूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं. दोघं आपापल्या जागी बरोबर असताना ट्रॉलीतला कांदा कुणाच्याच जबाबदारीत येत नाही, अशी आपल्याकडच्या व्यापाराच्या कायद्याची घडण होऊन बसली आहे.

हे पत्र मंत्र्यांना लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहिते आहे, कारण दिल्लीत बसून महाराष्ट्राचं मत ज्यांच्या हाती आहे असे तुम्हीच ६७ जण आहात. कुणी सत्तेत आहात, कुणी विरोधात. मला त्यात पडायचं नाही. जे मागणार आहे ते दोन्ही बाकांवरून मागता येतं.

आधी घटनेत काय लिहिलं आहे ते सांगते, कारण गावात बोलताना मला दिसतं की पुष्कळांना शेती राज्याची की केंद्राची हेच नीट ठाऊक नसतं, आणि त्याचा दोष त्यांचा नाही. सातव्या अनुसूचीत राज्यसूची आहे, म्हणजे ज्यांवर राज्याने कायदा करायचा अशा विषयांची यादी. तिच्यात नोंद १४ म्हणजे शेती. नोंद २६ राज्यातल्या राज्यात होणारा व्यापार, नोंद २७ मालाचं उत्पादन, पुरवठा आणि वाटप. आणि नोंद २८: बाजार आणि जत्रा. कायद्याच्या अभ्यासात ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आपलीशी वाटली. आमच्याकडे आठवडे बाजार आणि गावची यात्रा या दोन गोष्टींवर वर्ष मोजलं जातं, आणि त्या दोन्ही घटनाकारांनी एकाच ओळीत राज्याच्या पदरात घातल्या आहेत.

पण २६ आणि २७ या नोंदींना एक शेपूट आहे: "समवर्ती सूचीतील नोंद ३३ च्या अधीन राहून." समवर्ती सूची म्हणजे ज्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्यांची यादी. सगळं भांडण या शेपटात आहे. घटना लागू झाली तेव्हा देशात धान्याची टंचाई होती, म्हणून अनुच्छेद ३६९ ने संसदेला फक्त पाच वर्षांसाठी अन्नधान्य, कापूस, कापड अशा काही वस्तूंच्या राज्यांतर्गत व्यापारावर कायदा करण्याची मुभा दिली. मुदत संपत आली तेव्हा १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने नोंद ३३ नव्याने लिहिली गेली आणि अन्नपदार्थ, तेलबिया व तेल, जनावरांचा चारा, सरकी असलेला-नसलेला कापूस आणि कच्चा ताग हे सगळं कायमचं समवर्ती सूचीत आलं. टंचाईपुरती दिलेली मुभा कायम झाली. टंचाई जाऊन गोदामं भरली, तरी ती तशीच राहिली. अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे, म्हणजे त्याच काळातला. आजही साठामर्यादेचा आदेश त्याच्याच आधारे निघतो.

निर्यात मात्र संघसूचीतली आहे, नोंद ४१. त्यावर वाद नाही. आंतरराज्य व्यापार नोंद ४२, तोही केंद्राचा. मग माझी तक्रार कुठे आहे?

२०२० वर येते. त्या सालाबद्दल मला मोकळेपणाने बोलायचं आहे, कारण माझं मत दोन्हीकडच्या लोकांना रुचत नाही.

माझे वडील १९८० च्या कांदा आंदोलनात रस्त्यावर होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं तेव्हा माझी आई गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेली, मी सहा वर्षांची तिच्या मांडीवर. शरद जोशींचं भाषण मला आठवत नाही, पण बायकांची अथांग गर्दी आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आठवते. आमच्या घरात लहानपणापासून एकच ऐकलं: शेतकऱ्याला माल कुठेही, कुणालाही विकता आला पाहिजे. बाजार समितीच्या गेटाबाहेर विकणं हा गुन्हा असू नये. म्हणून ५ जून २०२० ला केंद्राने काढलेल्या तीन कृषी अध्यादेशांत शेतमाल व्यापाराचा अध्यादेश आला तेव्हा आमच्या घरी आनंद झाला. वडील आजारी होते, तरी त्यांनी मला तो दोनदा वाचून दाखवायला लावला.

दुसऱ्यांदा वाचताना मी कलम ६ वर थांबले. बाजार समितीच्या आवाराबाहेरच्या 'व्यापार क्षेत्रात' राज्याच्या बाजार समिती कायद्याखाली "किंवा इतर कोणत्याही राज्य कायद्याखाली" कसलंही शुल्क, उपकर वा लेव्ही घेता येणार नाही, असं तिथे लिहिलं होतं. इतर कोणत्याही राज्य कायद्याखाली! महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांच्या संरक्षणाचा कायदा. हमालाच्या मजुरीवर मालक जी लेव्ही भरतो, तिच्यातूनच त्याचा भविष्यनिधी, सुटी, औषधपाणी चालतं. ती लेव्ही या शब्दांत सापडते की नाही? माझ्या मते हा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला असता. दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्याला माथाडी मंडळ डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं, कारण असा कायदा इतर बहुतेक राज्यांत नाही. मुंबईत कुणालाही आधी विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत ही गोष्ट सांगितली असती.

तसंच पॅन कार्डचं. पॅन असलेला कुणीही खरेदी करू शकेल, पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यायचे. ऐकायला छान. पण आमच्या भागातल्या एका व्यापाऱ्याने काही वर्षांपूर्वी गावातल्या बऱ्याच घरांचा माल उधारीवर उचलला आणि तो निघून गेला. त्याच्याकडे परवाना होता, बाजार समितीकडे त्याची हमी होती, तरीही अर्धेअधिक पैसे आजपर्यंत आले नाहीत. परवान्याच्या आणि हमीच्या व्यापाऱ्याची ही गत, तर नुसत्या पॅन कार्डावर कुणाच्या दारात जायचं? कायदा म्हणत होता प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जा. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा कलम १५ ने बंद केला होता. प्रांतसाहेबांकडे जमिनीच्या फेरफाराचे दावे किती दिवस पडून असतात हे मी वकील म्हणून रोज पाहते.

यातली एकही अडचण न सुटणारी नव्हती. हमी निधी ठेवता आला असता, माथाडी कायद्याला सूट देणारी एक ओळ घालता आली असती. पण त्यासाठी राज्यांशी बोलावं लागलं असतं. अध्यादेश टाळेबंदीत निघाला. सप्टेंबरमध्ये विधेयक आलं, राज्यसभेत २० सप्टेंबरला गोंधळात, आवाजी मतदानाने मंजूर झालं. प्रवर समितीकडे पाठवा ही मागणी मान्य झाली नाही. केंद्राने आधार घेतला तो नोंद ३३ चा, आणि कलम १४ ने राज्यांच्या बाजार समिती कायद्यांवर मात केली.

इकडे मुंबईत काय झालं? ऑगस्टमध्ये पणन खात्याने अध्यादेशांची अंमलबजावणी करा असं पत्र काढलं. सप्टेंबरअखेर राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या कायद्यांत दुरुस्ती सुचवणारी तीन विधेयकं विधानसभेत मांडली गेली, लोकांच्या सूचना मागवल्या. मीही माथाडी आणि हमी निधी या दोन मुद्द्यांवर चार पानं लिहून पाठवली होती. त्यानंतर १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली, २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत चर्चेविना रद्दबातल विधेयक मंजूर झालं आणि डिसेंबरमध्ये राज्याची विधेयकंही मागे घेतली गेली. चर्चेविना आलेला कायदा चर्चेविनाच गेला. मधल्या काळात दिल्लीच्या वेशीवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर थंडी-उन्हात बसले.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती देऊन जी समिती नेमली, तिच्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीचा अहवाल वर्षभर बंद पाकिटात राहिला. मार्च २०२२ मध्ये घनवटांनीच तो लोकांपुढे ठेवला, तेव्हा ज्या कायद्यांबद्दल तो होता ते कायदेच उरले नव्हते. समिती कायद्यांच्या बाजूची होती, आणि तरीही राज्यांना अंमलबजावणीत मोकळीक द्यावी असं तिने सुचवलं होतं. हे आधीच केलं असतं तर?

वडील आता नाहीत. शेवटच्या दिवसांत ते एकदा म्हणाले, "गेट उघडायला सांगितलं होतं, यांनी भिंतच पाडायला काढली, आणि आता गेटही बंद." मला याचं दुःख कायदा गेल्यापेक्षा अधिक आहे. आता पुढची वीस वर्षं कुठलंच सरकार या विषयाला हात लावायला धजणार नाही, आणि शेतकरी तिथेच राहील.

पण राज्याचा अधिकार म्हणजे आपोआप शेतकऱ्याचा अधिकार, असं मी मानत नाही. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस फक्त सरकारला विकायचा. चार कोस पलीकडे आदिलाबादला भाव चांगला असला तरी तिकडे नेला तर गुन्हा. सीमेवर नाके होते, शेतकरी स्वतःच्या शेतातला कापूस रात्री चोरासारखा बैलगाडीत घालून नेत होता. तो कायदा दिल्लीने लादलेला नव्हता, मुंबईने केला होता.

जुनं झालं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ चं घ्या. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि आपल्या राज्यातले सगळे पक्ष दिल्लीने अन्याय केला म्हणून बोलू लागले. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तोच राज्य सरकारने ऊस परराज्यात नेण्यावर बंदीचा आदेश काढला. पाऊस कमी होता, आपल्या कारखान्यांना ऊस पुरणार नव्हता, म्हणून कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याने कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस घालायचा नाही! राजू शेट्टींनी आवाज उठवला, शेतकरी भडकले आणि काही दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. घटनेचा अनुच्छेद ३०१ म्हणतो की भारताच्या हद्दीत व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील. निपाणीचा कारखाना भारतातच आहे.

दिल्लीने नाशिकशी जे केलं तेच मुंबईने कोल्हापुरातल्या शिरोळशी केलं. ग्राहकाला स्वस्त मिळावं म्हणून एकाने, कारखान्याला पुरावं म्हणून दुसऱ्याने. म्हणून मी 'राज्याला अधिकार द्या' एवढंच म्हणून थांबत नाही. बाजार समितीच्या निवडणुकीत शेतकऱ्याला थेट मत २०१७ मध्ये याच राज्याने दिलं आणि २०२० मध्ये याच राज्याने काढून घेतलं. राज्याचा अधिकार दिल्लीत मागणाऱ्यांनी मुंबईत शेतकऱ्याचा अधिकारही मागितला पाहिजे.

आता अनुच्छेद ३०३ कडे लक्ष वेधते. व्यापाराविषयीच्या कोणत्याही नोंदीखाली एका राज्याला दुसऱ्यापेक्षा झुकतं माप देणारा कायदा संसदेला करता येत नाही, असं तो सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये, ३१ मार्च उलटून गेल्यावरही आमच्या कांद्यावर बंदी चालूच असताना, गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. प्रमाणपत्र गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचं हवं अशी अट होती. महुव्याच्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले याचं मला वाईट वाटत नाही. त्याच्याही चाळीत कांदा सडत होता. पण आमच्या बाजूला केवढा संताप उसळला हे तुम्हाला आठवत असेल, निवडणुकीचे दिवस होते. दोन दिवसांनी सहा देशांना ९९,१५० टन निर्यातीची परवानगी असल्याचं जाहीर झालं आणि ४ मे रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. अनुच्छेद ३०३ अशा आदेशाला लागू होतो का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. माझा मुद्दा साधा आहे. निर्णयाच्या टेबलावर कांदा पिकवणारी सगळी राज्यं बसली असती तर एकट्या एका राज्याच्या नावाचा असा आदेश निघालाच नसता.

असं टेबल घटनेत आहे. दोन आहेत. अनुच्छेद २६३ खाली आंतरराज्य परिषद १९९० मध्ये स्थापन झाली. तिच्या आजवर अकराच बैठका झाल्या, आणि अकरावी जुलै २०१६ मध्ये. म्हणजे २०२० चे अध्यादेश निघाले तेव्हा चार वर्षं ती भरलीच नव्हती. दुसरं, अनुच्छेद ३०७: मुक्त व्यापाराची कलमं अमलात आणण्यासाठी संसद एक प्राधिकरण नेमू शकते. १९५० पासून ते नेमलेलंच नाही. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात ते नेमा म्हटलं, पुंछी आयोगाने २०१० मध्ये पुन्हा म्हटलं. समवर्ती सूचीतल्या विषयावर कायदा करण्याआधी राज्यांशी बोला, हेही सरकारियांनीच सांगितलं होतं. हे अहवाल संसदेच्या ग्रंथालयात तुमच्या हाताशी आहेत.

बोलून केलेलं टिकतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या, ते दिवस मला आठवतात. आमचा कांदा मुंबईला पोचेपर्यंत ड्रायव्हरची रात्र नाक्यावर जायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तो एका रात्रीत आल्यासारखा वाटला, पण त्याआधी राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती २००० सालापासून बसत होती. घटनादुरुस्ती राज्यांच्या विधानसभांपुढे गेली, आपल्या विधानसभेनेही ऑगस्ट २०१६ मध्ये तिला मान्यता दिली. राज्यांना पाच वर्षं १४ टक्के वाढीची भरपाई देण्याचा करार झाला. जीएसटी परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध काहीच होत नाही, ही तिची मोठी खोट आहे. परिषदेच्या शिफारशी संसदेला आणि विधानसभांना बंधनकारक नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये मोहित मिनरल्स खटल्यात स्पष्ट करावं लागलं. तरीसुद्धा करावर राज्यं भांडतात ती एका खोलीत बसून. कांद्यावर आम्ही भांडतो ते महामार्गावर बसून.

आपल्यासारखंच भांडण ब्रिटनमध्येही चालू आहे, त्याबद्दल थोडंसं. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर लंडनच्या संसदेने डिसेंबर २०२० मध्ये अंतर्गत बाजारपेठेचा कायदा केला: एका प्रांतात विकायला चालणारी वस्तू दुसऱ्यानेही चालवून घ्यायची. स्कॉटलंड आणि वेल्सच्या विधिमंडळांनी संमती नाकारली तरी तो झाला. पुढे स्कॉटलंडने बाटल्या परत केल्यावर पैसे देण्याची योजना आखली, तर लंडनने काचेच्या बाटल्या वगळण्याची अट घातली आणि जून २०२३ मध्ये योजना लांबणीवर पडली. पण एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाबतीत सगळी सरकारं आधी बोलली, आणि २०२२ मध्ये त्या कायद्यातून रीतसर सूट मिळाली. ते भांडणही मिटलेलं नाही. निदान सूट कशी मागायची याची वाट तिथे ठरलेली आहे. आपल्याकडे ती वाट नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने कृषी पणनाच्या राष्ट्रीय धोरण चौकटीचा मसुदा काढला. सूचनांसाठी पंधरा दिवस दिले. कापणी-काढणीच्या दिवसांत पंधरा दिवस! एक परवाना, एकदाच शुल्क आणि जीएसटीच्या अधिकारप्राप्त समितीसारखी राज्यांच्या कृषी पणनमंत्र्यांची समिती, असं त्यात आहे. पंजाबने जानेवारी २०२५ मध्ये तो नाकारला, कारण त्यांच्या गहू-तांदळाच्या बाजारशुल्कावर त्यांचे ग्रामीण रस्ते उभे आहेत. आम्ही पंजाब नाही. आमचं बाजारशुल्क किरकोळ, आमची चिंता वेगळी: नाशवंत माल, निर्यात, माथाडी, व्यापाऱ्याची हमी. मग महाराष्ट्राचं म्हणणं स्वतंत्रपणे कुणी मांडलं? मला त्या मसुद्यातली समितीची कल्पना आवडली आहे. पण ती नुसत्या मंत्र्यांची असेल आणि तिच्या कामकाजाची टिपणं कुणाला वाचायला मिळणार नसतील, तर दोन कार्यालयांऐवजी तिसरं कार्यालय एवढंच होईल.

तर माझी मागणी. नोंद ३३ चा आधार घेऊन कोणताही अध्यादेश वा विधेयक येण्याआधी राज्यांचं लेखी मत मागवलं जावं आणि ते विधेयकासोबत सभागृहाच्या पटलावर ठेवलं जावं. यासाठी तुमच्यापैकी कुणीही अशासकीय विधेयक आणू शकतं, आणि ते मंजूर झालं नाही तरी त्यावर दोन तास चर्चा होईल, जी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये झाली नाही. अनुच्छेद ३०७ चं प्राधिकरण नेमायला लावा. त्यात उत्पादक, हमाल-मापाडी आणि ग्राहक यांची माणसं असू द्या, आणि राज्याने काढलेला उसासारखा आदेशही त्याच्यासमोर आव्हान देण्याजोगा असू द्या. निर्यातबंदीचा अधिकार केंद्राचाच राहो, पण शेतकऱ्याने माल काढून ट्रॉलीत भरला असेल अशा रात्री ती लागू होऊ नये. काही दिवसांची पूर्वसूचना द्या. देता येत नसेल तर त्या दिवसांतल्या घसरणीची भरपाई केंद्राने करावी, राज्याने नव्हे. २०२३ च्या वसंतात भाव कोसळला तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून कितीतरी लोक त्यातून वगळले गेले. शहरातला भाव पाडण्याचा निर्णय एकाने घ्यायचा आणि त्याची भरपाई दुसऱ्याने आपल्या तिजोरीतून अर्धीमुर्धी करायची, या पद्धतीत निर्णय घेणाऱ्याला त्याची किंमत कधी कळतच नाही.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क पूर्ण उठलं, याबद्दल तुमच्यातल्या ज्यांनी पाठपुरावा केला त्यांचे मी मनापासून आभार मानते. पण ते ज्या अधिसूचनेने उठलं तसल्याच एका अधिसूचनेने पुन्हा लागू शकतं. आमच्या चाळीत कांदा भरताना प्रत्येक वेळी हा विचार मनात असतो. किती दिवस ठेवावा, किती वजन घटेल, किती खाद (सडका माल) निघेल हे हिशेब आम्हाला येतात. दिल्लीत केव्हा काय निघेल याचा हिशेब कुणालाच येत नाही.

हे पत्र मी तुम्हा सर्वांना पोस्टाने स्वतंत्रपणे पाठवते आहे. सोबत ८ डिसेंबर २०२३ नंतरच्या आठवड्यातल्या आमच्या तीन हिशेबपट्ट्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा जाता हातात काय आलं, ते शेवटच्या ओळीत दिसेल. ज्यांचं उत्तर येईल त्यांचं उत्तर मी आमच्या पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवीन.

आपली,
चांदवड तालुक्यातील एक कांदा उत्पादक शेतकरी आणि वकील